गाणं रेकॉर्ड करायला जाताना



गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गटातल्या आक्कांची नात मोबाईल घेऊन धावत आली. म्हणाली, "काकू, हे ऐका, आमच्या आजीचा आवाज." आम्ही ऐकलं. आवाज आक्कांचाच होता. जात्याची घरघर, मागे आम्हा दहा जणींचा सूर आणि पुढे आक्का. अंगावर काटा आला, कारण आक्का जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मग खाली लिहिलेलं वाचलं. 'जात्यावरच्या ओव्या' असं लिहिलं होतं, स्टुडिओचं नाव होतं, त्यांचा फोन नंबर होता. आक्कांचं नाव नव्हतं. गावाचं नव्हतं, गटाचंही नव्हतं.

नात म्हणाली, "आजीचं नाव का नाही?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला आम्हाला चार महिने लागले. त्यात जे कळलं ते आज सांगणार आहोत. हल्ली गावोगावची भजनी मंडळं, गौरीच्या गाण्यांचे गट, हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया स्टुडिओत जाऊन गाणी रेकॉर्ड करून घेतात. चांगलीच गोष्ट आहे. पण जाताना काय घेऊन जायचं आणि येताना काय घेऊन यायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक असावं.

आधी आम्ही स्टुडिओत गेलो तो दिवस सांगतो. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून गटाकडे थोडे पैसे उरले होते. बैठकीत ठरलं की आक्कांच्या ओव्या रेकॉर्ड करून घ्यायच्या. आक्कांना शंभरावर ओव्या तोंडपाठ होत्या. काही त्यांच्या आईच्या, सासूच्या. काही त्यांच्या स्वतःच्या, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या तेव्हा रचलेल्या. ठराव झाला, वहीत लिहिला, सह्या-अंगठे झाले. जिल्ह्याच्या गावी एक स्टुडिओ होता. बारा हजार रुपये ठरले. टेम्पोत जातं घातलं, सोबत पायलीभर ज्वारी घेतली आणि आम्ही अकरा जणी निघालो.

स्टुडिओ म्हणजे काही मोठा महाल नसतो. दोन खोल्या, मध्ये जाड काच. एका खोलीत गाणारे, दुसऱ्या खोलीत संगणकापुढे बसलेला रेकॉर्डिस्ट. गाण्याच्या खोलीला दोन दारं, एकामागे एक. भिंतींना स्पंज आणि कापड. आत गेल्यावर आपलाच आवाज वेगळा वाटतो. देवळाच्या गाभाऱ्यात बोललं की आवाज घुमतो, आणि कापूस भरलेल्या खोलीत बोललं की आवाज विरतो. स्टुडिओची खोली कापसाच्या खोलीसारखी केलेली असते. माईकमध्ये फक्त गाणाऱ्याचा आवाज जावा, भिंतीवरून परत आलेला जाऊ नये म्हणून.

पंखा बंद केला. तरी रेकॉर्डिस्ट म्हणाला, "कसला तरी आवाज येतोय." बांगड्या वाजत होत्या. "ताई, बांगड्या काढाव्या लागतील," तो म्हणाला. आमच्यातल्या तिघी-चौघी तयार होईनात. सवाशिणीनं भरला हात रिता करायचा कसा? शेवटी आक्कांनीच तोड काढली. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि वरून रुमाल घट्ट बांधायचा. आवाज बंद झाला, बांगड्याही हातातच राहिल्या.

दुसरी अडचण जात्याची. त्याचं म्हणणं होतं, आधी नुसती ओवी म्हणा, जात्याचा आवाज मागाहून वेगळा घेऊ. हल्ली बहुतेक गाणी तशीच होतात. तबला एकदा, पेटी एकदा, गाणारा एकदा, प्रत्येकाचा वेगळा धागा आणि शेवटी सगळ्यांची वेणी. पण आक्कांना जात्याचा खुंटा हातात नसला की ओवीच आठवेना. हात फिरला की तोंड चालायचं. मग त्यानं एक माईक जात्याजवळ ठेवला, एक आक्कांपुढे, आणि सगळं एकदम घेतलं. त्याचं काम चांगलं होतं, हे आम्ही आजही म्हणतो.

पंधरा दिवसांनी मोबाईलवर गाणं आलं. आम्ही ऐकलं, खूश झालो. आक्का मार्गशीर्षात गेल्या. आणि श्रावणात नात मोबाईल घेऊन आली.

आम्ही स्टुडिओवाल्या दादांकडे गेलो. ते भांडले नाहीत. म्हणाले, "ताई, जुन्या ओव्यांना कुठं मालक असतो? त्या सगळ्यांच्याच. रेकॉर्डिंग माझ्या स्टुडिओत झालं, म्हणून माझ्या चॅनलवर टाकलं." खरं सांगायचं तर आम्ही गप्प झालो. कारण ओवी सगळ्यांची असते हे आम्हालाही पटत होतं. आणि आमच्याकडे कागद म्हणावा असा एकही नव्हता.

घरी आलो आणि वाचायला लागलो. रेकॉर्डिंग आपल्या देशात आलं कसं, गाणाऱ्याचं नाव त्यात कुठं असायचं, हे शोधायला लागलो. तेव्हा एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्याला आला. तेव्हा स्टुडिओ नव्हताच. एका हॉटेलच्या खोलीत त्यानं आपलं यंत्र मांडलं. वीज लागायची नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा आणि सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं. आवाजानं पडदा हलायचा, सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. पुष्कळ नामवंत उस्ताद या यंत्रापुढे गायला तयार नव्हते. बाया तयार झाल्या. पहिल्यांदा गायल्या त्या नाटक कंपनीतल्या दोन तरुण मुली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गौहरजान आल्या. त्या काळातल्या मोठ्या गायिका. तासन्‌तास चालणारं गाणं त्यांनी तबकडीच्या तीन मिनिटांत बसवलं.

आणि गाणं संपल्यावर शेवटी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. इंग्रजीत, ठणठणीत आवाजात. कशासाठी? ती मेणाची तबकडी जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जायची. विकायच्या तबकड्या तिथं निघायच्या. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती, ना गाणारी माहीत होती. तबकडीवर कागद चिकटवताना कुणाचं नाव छापायचं, हे त्यांना कळावं म्हणून गाणाऱ्यानं शेवटी नाव सांगायचं. गौहरजानच्या जुन्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात, आणि शेवटी त्यांचं नाव त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. सव्वाशे वर्षं होत आली, कुणाला ते पुसता आलेलं नाही.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आक्कांची फार आठवण आली. आम्ही त्यांना नाव सांगायला लावलं असतं तर!

पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडी कशाची असायची माहीत आहे? लाखेची. आपल्या लाखेच्या बांगड्यांची लाख, तीच. तिच्यात दगडाची पूड मिसळून तबकडी घडवत. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा माईक आला आणि मोठा फरक पडला. कर्ण्यापुढे ओरडून गावं लागायचं. माईकपुढे हलक्या आवाजातली अंगाईसुद्धा टिपता येऊ लागली. बालगंधर्वांची पदं, हिराबाई बडोदेकरांचं गाणं तबकडीवरूनच घरोघर पोचलं.

पण नावाचा प्रश्न मिटला नव्हता. १९४९ साली 'महल' नावाचा सिनेमा आला. त्यातल्या एका गाण्यात आवाज दुरून जवळ येतो असं दाखवायचं होतं. तेव्हा आजच्यासारखी बटणं नव्हती. म्हणून तरुण लता मंगेशकर माईकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात एकेक पाऊल पुढे आल्या. गाणं तुफान चाललं. पण तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओकडे चौकशी सुरू केली, हे गातंय कोण? तेव्हा रेडिओनं कंपनीकडून नाव मिळवून सांगितलं. पुढे याच लतादीदींनी गायकांनाही रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला. एवढ्या मोठ्या बाईंच्या बाबतीत हे झालं, मग आपली काय कथा.

त्यानंतर टेपवर रेकॉर्डिंग आलं. चुकलं तर तेवढाच तुकडा परत घेता यायला लागला. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि लोकगीतं, भीमगीतं, हळदीची गाणी गावागावात वाजू लागली. आता संगणक आहे. म्हणून तर तालुक्याला, जिल्ह्याला स्टुडिओ निघाले. पूर्वी कंपनी ठरवायची कुणाचं गाणं घ्यायचं ते. आता बारा हजार जमवले की आपण ठरवतो. हा केवढा मोठा बदल आहे! पण पूर्वी नाव छापण्याचं काम कंपनीचं होतं. आता तेही आपणच बघायला हवं.

आपल्या महाराष्ट्रात याचा एक सुंदर दाखला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर. नव्वदच्या दशकात त्यातल्या कितीतरी ओव्या टेपवर रेकॉर्डही झाल्या. आज त्या 'पारी' या संस्थेच्या संग्रहात ऐकता येतात. त्यात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. ओवी सगळ्यांची, पण गाणारी कोण, हे लिहिलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आम्हाला तिथं दिसलं.

मग आम्ही तालुका विधी सेवा समितीत गेलो. बायांना तिथं कायद्याचा सल्ला आणि वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे आधी लक्षात ठेवा, पुष्कळ कामी येतं. तिथल्या वकील ताईंनी आम्हाला कॉपीराइटचा कायदा समजावून सांगितला. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात, त्या म्हणाल्या. शेत, विहीर आणि पीक जसं वेगवेगळ्या जणांचं असू शकतं, तसंच.

पहिला हक्क शब्दांचा आणि चालीचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओवी कुणा एकाची नाही, ती कुणीही गावी. पण आक्कांनी स्वतः रचलेल्या ओव्या आक्कांच्याच. रचणारा गेल्यावरही साठ वर्षं हा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळावरच्या ओव्या आज आक्कांच्या मुलाबाळांच्या आहेत.

दुसरा हक्क गाणाऱ्याचा. ओवी जुनी असली तरी गळा आक्कांचा आहे. गाणारा म्हणून आपलं नाव लागावं, हा गाणाऱ्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात आला आहे. आणि गाण्याचा धंदा होत असेल तर रॉयल्टीचाही.

तिसरा हक्क रेकॉर्डिंगचा. तो निर्मात्याचा असतो. निर्माता कोण? ज्यानं रेकॉर्डिंग करायला पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. खोली भाड्यानं देणारा तेवढ्यानं निर्माता होत नाही. दळण गिरणीत दळलं म्हणून पीठ काही गिरणीवाल्याचं होत नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा लागतो, सही करून. कोणता हक्क, किती वर्षं, कुठल्या भागासाठी, हे त्यात लिहावं लागतं. आम्ही तसं काहीच लिहून दिलं नव्हतं. वकील ताईंनी विचारलं, "पुढाकार तुमचा होता याला पुरावा?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग सचिव वहिनींनी पिशवीतून गटाची वही काढली. आपण दर बैठकीला लिहितो ती. त्यात ठराव होता: 'आक्कांच्या ओव्या गटाच्या खर्चाने रेकॉर्ड करून घेणे.' तारीख होती, सह्या होत्या, आक्कांचा अंगठा होता. आणि पासबुकात बारा हजार रुपये स्टुडिओच्या खात्यावर गेल्याची नोंद होती. वकील ताई म्हणाल्या, "हे पुष्कळ आहे."

मैत्रिणींनो, वही लिहायला आपल्याला कंटाळा येतो. आमच्याही गटात येतो. त्या दिवसापासून येत नाही.

ती वही आणि पासबुक घेऊन आम्ही परत दादांकडे गेलो. त्यांनी दोन्ही बघितलं. म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला काही फरक पडत नाही." त्यांनी गाण्याखाली आक्कांचं नाव टाकलं, गावाचं आणि गटाचं टाकलं, आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर दिली. चॅनलवर त्यातून पैसे किती आले, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही ताणलं नाही. ताणायला हवं होतं, असं आमच्यातल्या काहींना अजून वाटतं.

आता तुम्ही जाल तेव्हा काय करायचं, ते थोडक्यात सांगतो.

जाण्याआधी दर विचारा. काही ठिकाणी तासावर असतो, काही ठिकाणी अख्ख्या गाण्याचा. त्यात काय काय येतं तेही विचारा. स्टुडिओची कामं साधारण अशी असतात. आवाज टिपणं, म्हणजे रेकॉर्डिंग. चुकलेले तुकडे काढून चांगले जोडणं, म्हणजे एडिटिंग. सगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणं, म्हणजे मिक्सिंग. आणि शेवटचा हात फिरवणं, म्हणजे मास्टरिंग. त्यानं गाणं रेडिओवर, मोबाईलवर, कर्ण्यावर सगळीकडे नीट वाजतं. याशिवाय संगीत बसवून देणं, वादक आणणं, व्हिडिओ करणं, गाणं मोबाईलच्या ॲपवर चढवून देणं, याचे पैसे वेगळे असू शकतात. सूर यंत्रानं दुरुस्त करायचा का, असंही विचारतील. ओवीला, भजनाला आपला आहे तसा सूर हवा असेल तर नको म्हणा. ते तुमच्या हातात आहे.

घरी भरपूर सराव करून जा, कारण तिथं वेळेचे पैसे असतात. बांगड्या, पैंजण, सुळसुळ वाजणारी साडी यांचा विचार आधी करा. मोबाईल बंद ठेवा.

एक पानाचा कागद करा. गाण्यांची यादी. कोणतं पारंपरिक, कोणतं कुणी रचलं. गाणाऱ्या सगळ्यांची नावं. खर्च कुणी केला. रेकॉर्डिंगचा हक्क कुणाचा. स्टुडिओला आपल्या चॅनलवर टाकायचं असेल तर किती वर्षं, कुणाच्या नावासह आणि पैसे आले तर वाटा किती. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. गट नोंदणी केलेला नसेल तर कागद कुणाच्या नावे करायचा, ते विधी सेवा समितीत विचारा. पैसे खात्यावरून द्या, पावती घ्या.

येताना फाइल घेऊन या. मोबाईलवर येते ती दाबून लहान केलेली असते. 'वेव्ह फाइल द्या' असं म्हणा, ती पूर्ण असते. ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि आणखी एका ठिकाणी ठेवा.

पैसे नसतील तरी थांबू नका. घरातल्या एका खोलीत दोरीवर चारी बाजूंनी गोधड्या टांगा, पंखा बंद करा, मोबाईल गाणारीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. स्टुडिओइतकं चांगलं होणार नाही, पण घुमणं पुष्कळ कमी होतं. म्हातारी माणसं थांबत नाहीत. आक्कांच्या शंभरातल्या आम्ही बावीस ओव्या घेतल्या. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

या संक्रांतीनंतर आम्ही परत रेकॉर्डिंगला गेलो. त्याच स्टुडिओत, त्याच दादांकडे. या वेळी कागद आधी झाला. गाणाऱ्या आम्ही सहा जणी होतो आणि आक्कांची नात. तिला आजीच्या नऊ ओव्या येतात. प्रत्येकीनं गाणं संपल्यावर आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. दादा म्हणाले, "ताई, हे मागाहून कापून टाकू ना?"

आम्ही म्हणालो, "नाही. ते राहू द्या."

नातीनं आधी आजीचं नाव सांगितलं, मग स्वतःचं.

पुढच्या महिन्यात ते रेकॉर्डिंग आपल्या याच रेडिओवर लावणार आहोत. शेवटपर्यंत ऐका. आणि तुमच्या गावात अशी कुणी आक्का असेल तर या आठवड्याच्या बैठकीत तिचं नाव काढा, वहीत ठराव लिहा.

नमस्कार.